वेळ पुरेसा आहे

ऑफिसात तिला सगळे एक्सप्रेस म्हणत. घरी मात्र ती छोटी होती, चाळिशी उलटली तरी छोटीच. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, आणि तिचं काम होतं वेबसाइट तपासण्याचं. न दिसणाऱ्याला, हात थरथरणाऱ्याला, ऐकू न येणाऱ्याला एखादी साइट धडपणे वापरता येते की नाही, हे स्वतः वापरून बघायचं आणि तसं लिहून द्यायचं. तिने पास म्हटलं की साइट लोकांसमोर जाई, नापास म्हटलं की बनवणाऱ्यांच्या टेबलावर परत येई आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी कुणी नीट बोलत नसे.

न दिसणारी माणसं कॉम्प्युटर कानाने वापरतात. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. नवा माणूस त्याचा वेग कमी ठेवतो, हळूहळू वाढवतो. छोटीने अठरा वर्षांत तो इतका वाढवला होता की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू येई. त्यातही ती सगळं ऐकतच नसे. मथळा ऐकला की पुढे, पहिला शब्द ऐकला की पुढे. कुणी पाहुणे आले की मॅनेजर हमखास म्हणायचा, "एक्सप्रेस, जरा दाखव यांना." मग ती हेडफोनची वायर काढायची, ती किरकिर खोलीभर सोडायची आणि पाहुण्यांनी तोंड मिटायच्या आत अख्खा फॉर्म भरून मोकळी व्हायची. पाहुणे टाळ्या वाजवत. तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, पाहुणे येणार असतील त्या दिवशी ती केस दोनदा विंचरून यायची.

हॉस्पिटलचं काम आलं ते अशाच दिवसांत. त्या हॉस्पिटलचं एक डायलिसिस केंद्र होतं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत अशी माणसं आठवड्यातून तीनदा तिथे येत आणि चार-चार तास मशीनला लावून घेऊन रक्त साफ करून जात. हे चुकलं तर माणूस फार दिवस टिकत नाही. खुर्च्या थोड्या आणि माणसं जास्त, त्यामुळे नियम कडक होता. पुढच्या महिन्याच्या आपल्या वेळा दर महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत पक्क्या करायच्या. नाही केल्या तर खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. आजवर हे काउंटरवरच्या बाई तोंडी विचारून लिहून घ्यायच्या. आता ते वेबसाइटवर जाणार होतं, आणि फक्त वेबसाइटवर.

त्या केंद्रात खिडकीपासून दुसऱ्या खुर्चीवर छोटीचा सख्खा मोठा भाऊ यायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ. म्हणून हे काम तिने मागून घेतलं होतं. "माझ्या दादाची साइट आहे, मीच तपासणार," असं तिने मॅनेजरला ठणकावून सांगितलं होतं.

आणि तपासलीही तिने कसून, यात वाद नाही. बटणांना नावं नव्हती, ती द्यायला लावली. तारखेची चौकट कीबोर्डने उघडत नव्हती, ती तीनदा परत पाठवली. चूक झाली की नुसता लाल रंग दिसायचा, तिथे शब्दांत लिहायला लावलं. बनवणारा पोरगेलासा इंजिनिअर तिच्या नावाने खडे फोडत होता. अशा बावन्न ओळींची यादी तिने खाली उतरत आणली आणि शुक्रवारी संध्याकाळी, निघायच्या वेळेला, ती वेळेच्या मर्यादेच्या ओळीवर पोचली.

नियम साधा होता. फॉर्म भरायला ठरावीक वेळ असेल तर ती संपण्याआधी माणसाला सांगायचं, आणि एक बटण दाबून वेळ वाढवून घेण्याची सोय द्यायची. या साइटवर पंधरा मिनिटं झाली की काही न सांगता सगळं बंद व्हायचं आणि भरलेलं पुसलं जायचं. 'सत्र समाप्त. कृपया पुन्हा सुरुवात करा.'

"ते हॉस्पिटलच्या बाजूचं आहे," इंजिनिअर म्हणाला. "सुरक्षिततेसाठी. बदलायला त्यांची माणसं लागतील. पंधरवडा तरी जाईल."

"सोमवारी साइट सुरू करायचीय," मॅनेजर म्हणाला. "एक्सप्रेस, तुला किती वेळ लागला भरायला?"

"पावणेचार मिनिटं."

"बघ! पंधरा मिनिटांत तू चार माणसांचे भरशील."

सगळे हसले. तीही हसली. नियम तिला माहीत होता, तोंडपाठ होता. दुसऱ्या ऑफिसांतल्या लोकांना ती तो शिकवायला जायची. पण पावणेचार मिनिटं म्हणताना तिची मान ताठ झाली होती, आणि ताठ झालेली मान लगेच खाली घ्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने त्या ओळीपुढे पास लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वेळ पुरेसा आहे.' खाली सही केली आणि घरी जाताना वाटेतूनच दादाला फोन लावला.

"दादा, तुझ्या हॉस्पिटलची साइट मी पास केली."

"मग काय बिशाद आहे तिची बिघडायची," दादा म्हणाला.

दादाने एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. पुस्तकं, पत्रिका, औषधांच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, सगळं. वाचायला घेतलं की शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं, हा त्याचा धर्म. घरातसुद्धा काडेपेटीवरच्या सूचना वाचल्याशिवाय काडी ओढायचा नाही, असं वहिनी चिडवायची. लहानपणी छोटीला सगळी पुस्तकं त्यानेच वाचून दाखवली होती. पान उलटायच्या आधी थांबून विचारायचा, "कळलं ना? पुढे जाऊ?"

मधुमेहाने आधी त्याची मूत्रपिंडं नेली आणि गेल्या वर्षी डोळे. बावन्नाव्या वर्षी माणूस पांढरी काठी घेऊन स्वतःच्याच घरातल्या दारांना धडकू लागला. छोटीने त्याला स्क्रीन रीडर शिकवला. त्या आवाजाला तो 'बाई' म्हणायचा. "तुझी बाई फार मोठ्या घरची दिसते, प्रत्येक शब्द कसा तोलून बोलते." वेग त्याने कधी वाढवलाच नाही. छोटी मागे बसून वैतागायची.

"दादा, सगळं कशाला ऐकत बसतोस? ते कुणीच ऐकत नाही. तोड तिला आणि पुढे जा."

"आणि त्यातच काही महत्त्वाचं असलं तर?"

"नसतं रे!"

"तुला काय माहीत? तू कधी ऐकलंस?"

यावर ती चिडायची. एकदा ती म्हणालीही, "तुझ्या या वेगाने दिवस मावळेल." दादा हसला, पण त्या दिवसापासून तिच्यासमोर त्याने कॉम्प्युटर उघडणं कमी केलं. हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने त्यावर विचार केला नव्हता.

नव्या साइटवरून वेळा पक्क्या करायचा पहिला महिना आला. तेवीस तारखेला तिने फोन केला. "फॉर्म भरलास का? मी येऊन भरून देऊ?"

"होतंय, होतंय. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, आता स्वतःचा फॉर्म भरायला काय माणूस लावू?"

पंचवीसला रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "झालं." एवढंच म्हणाला. दादा एका शब्दात उत्तर देणारा माणूस नव्हता, पण तिचा दुसऱ्या एका साइटचा अहवाल अडला होता आणि तिने "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.

झालेलं काहीच नव्हतं. सव्वीसला सकाळी त्याने केंद्राच्या काउंटरला फोन केला. तिथल्या बाईंना वाईट वाटलं, पण त्यांच्या हातात आता काही राहिलं नव्हतं. खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला आपोआप लागली होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी एखादी जागा सुटेल, काका, तुमचं नाव पहिलं ठेवलंय, असं त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. नवा महिना बुधवारी सुरू झाला. सकाळी त्याला न्यायला केंद्राची गाडी आली नाही. त्याने वहिनीला सांगितलं की मशिनींची दुरुस्ती चाललीय, सोमवारपर्यंत वेळा पुढे गेल्यात. वहिनी सकाळी आठला शिवणकामाच्या कारखान्यात जायची ती सहाला यायची. तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? या माणसाने तिला तेवीस वर्षांत कधी थाप मारली नव्हती.

बुधवार गेला, शुक्रवार गेला. तो पाणी कमी प्यायला, मीठ सोडलं, उशीला टेकून बसून झोपला. रविवारी दुपारी त्याचा श्वास लागला. वहिनीचा फोन आला तेव्हा मागून छोटीला तो श्वास ऐकू येत होता, आणि ती तशीच निघाली.

हॉस्पिटलात त्याला लगेच मशीनला लावायला घेतलं. दारापाशी छोटीने त्याचा हात धरला, हात सुजून गच्च झाला होता.

"दादा, झालं म्हणालास ना मला?"

तो काहीतरी बोलायला गेला. श्वास पुरला नाही. आतून डॉक्टर बाहेर आले ते पाऊण तासाने, आणि आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढून वहिनीला बसायला सांगितलं. त्या खुर्चीच्या आवाजावरूनच छोटीला कळलं. हृदय बंद पडलं होतं.

त्यानंतर काय झालं, कोण आलं, कोण गेलं, ते तिला धड आठवत नाही. सगळे म्हणाले, दादा फॉर्म भरायचा विसरला. आजारी माणूस, विसरतो. तिलाही तसंच वाटलं आणि तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, येतोच. मला सांगितलं असतंस तर चार मिनिटांचं काम होतं, असं ती मनात त्याला सारखं ऐकवत राहिली.

तीन आठवड्यांनी ती कामावर गेली तेव्हा मॅनेजर अगदी हळू आवाजात बोलला. त्याने तिला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "एक छोटीशी गोष्ट आहे. हॉस्पिटलकडून तक्रार आलीय. एकसष्ट जणांनी फॉर्म सुरू केला आणि पुरा केला नाही. ते म्हणतात वेळ कमी पडतो. आपल्या अहवालात ती ओळ पास आहे आणि सही तुझी. तू फक्त एवढं लिहून दे की वेळ पुरेसा आहे, वापरणाऱ्यांना सराव नाही. नोंदी तुला पाठवल्यात, नजर टाक."

नोंदींत नावं नव्हती. रुग्ण क्रमांक, सुरुवात, शेवट, आणि माणूस कुठल्या पानापर्यंत पोचला, एवढंच. छोटीने वेग नेहमीसारखा ठेवला आणि ओळी किरकिरत निघाल्या. तिसाव्या ओळीच्या आसपास तिचं बोट थांबलं. तो क्रमांक तिला पाठ होता. दादाचा केंद्रातला पहिला कागद तिनेच भरला होता.

ती मागे गेली. वेग कमी केला. अजून कमी केला.

बावीस तारीख, दुपारी चार. पहिलं पान, बावीस सूचना. पंधराव्या मिनिटाला सत्र समाप्त. लगेच पुन्हा सुरुवात, पुन्हा पंधरा मिनिटं. तेवीसला तीनदा. त्यातला एक प्रयत्न तिच्या फोनच्या आधीचा होता आणि एक फोन ठेवल्या ठेवल्या केलेला. चोवीसला चारदा. दर वेळी पहिल्या पानावर तेवढाच वेळ गेला होता, सहा मिनिटांच्या वर. तिला उमगलं की तो दर वेळी त्या बावीस सूचना पुन्हा पहिल्यापासून ऐकत होता. एकदा वाचलेलं प्रूफ फिरून आलं की त्यात नवी चूक शिरलेली असते, म्हणून पुन्हा सगळं वाचायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. आपल्याला बाहेर का काढलं जातंय ते त्याला कळलं नव्हतं. कुठली तरी सूचना आपण नीट ऐकली नाही, असं समजून तो ती शोधत होता.

नववा प्रयत्न शेवटच्या पानापर्यंत पोचला होता. तिथे एकच चौकट उरली होती: वरील माहिती खरी आहे. तिच्याआधी सात ओळींचं निवेदन होतं. तो ते ऐकत असताना पंधरा मिनिटं भरली.

पंचवीसला दोन प्रयत्न होते. दहावा सकाळचा, तसाच. अकरावा संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला आणि चौथ्या मिनिटाला संपला. तो साइटने बंद केला नव्हता. बाहेर पडण्याचं बटण दाबलेलं होतं.

छोटीने हेडफोन काढला. उठून तोंड धुऊन आली. मग सरळ अहवाल उघडून बसली. वेळेच्या ओळीपुढचं पास काढून नापास लिहिलं. शेरा लिहिला, 'तपासणाऱ्या व्यक्तीला नियम माहीत होता. तिने स्वतःच्या वेगावरून निर्णय दिला. निर्णय चुकीचा होता.' त्याखाली तारीख आणि सही, आणि मॅनेजरने विचारायच्या आत तो हॉस्पिटलला पाठवूनही दिला.

"तू काय करून बसलीयेस, कळतंय का तुला?" मॅनेजर म्हणाला. आता त्याचा आवाज हळू नव्हता.

"कळतंय," ती म्हणाली. पर्स उचलली आणि निघाली. मोठं काही केल्यासारखं तिला जिना उतरताना वाटलं. थोडं हलकंही वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली.

वहिनीने दार उघडलं. घरात इस्त्रीचा वास होता. छोटीने बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, पण तोंडातून नीट काही निघेना. "वहिनी, दादा विसरला नव्हता. त्याने अकरा वेळा—"

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "मी होते की घरात. दुपारी नव्हते, पण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होते. ते 'सत्र समाप्त' मला झोपेत ऐकू येतं."

"मग मला का नाही गं कळवलंस?"

"म्हणाले होते मी, छोटीला बोलवा. नाहीतर आणा इकडे, मी वाचते, तुम्ही सांगा. नको म्हणाले." वहिनी इस्त्रीची वायर गुंडाळत होती, ती गुंडाळायची थांबली. "म्हणाले, साइट छोटीने तपासलीय. अगदी खाली लिहिलंय, अंध व्यक्तीकडून तपासलेली आहे म्हणून, ते पण ऐकवलं मला. तिने पास केलीय म्हणजे साइटमध्ये काही खोट नाही, मीच मठ्ठ आहे. तिला सांगू नकोस, म्हणाले. शिकवून शिकवून दमली बिचारी, आणि मला एक फॉर्म भरता येत नाही. पंचवीसला सगळं बंद करून येऊन बसले आणि झालं म्हणाले. मला वाटलं, झालं."

छोटी भिंतीला टेकली. दादाच्या डोक्यात दुसरी शंका आलीच नव्हती. प्रत्येक छापील ओळीवर संशय घेणाऱ्या माणसाने तिच्या एका शेऱ्यावर संशय घेतला नव्हता.

"साइट बरोबर नव्हती, वहिनी," ती म्हणाली. "वेळ कमीच होता. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पास केली तेव्हापासून."

वहिनीने उरलेली वायर गुंडाळली आणि इस्त्री कोपऱ्यात ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गाडी पुरती वळून निघून गेली. छोटीला वाटलं, आता ही ओरडेल, निदान रडेल, आणि तसं झालं तर बरं होईल.

"गेले ते गेले," अखेर वहिनी म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "ते मशीनचं, खुर्चीचं, ते मी नशिबावर टाकलं असतं एक वेळ. पण शेवटचे दहा दिवस हा माणूस या घरात स्वतःला मठ्ठ म्हणत बसला होता, छोटे. तसंच समजून गेला."

छोटीने मान हलवली. वहिनीने तिला बस म्हटलं नाही.